जुन्या पिकअपमध्ये वारा का ओरडतो?

नाशिकहून पिंपळगावकडे निघालेल्या दहा-पंधरा वर्षं जुन्या पिकअपमध्ये बसून बघा. द्वारका ते आडगाव काही वाटत नाही. पुढे रस्ता मोकळा झाला, काटा सत्तरीच्या वर सरकला, की शेजारच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागतो. ऐंशीला टेपवरच्या गाण्यातली नुसती ढोलकी उरते. विचारलं तर ड्रायव्हर म्हणतो, "जुनी गाडी आहे, आवाज करणारच."

पण गाडी जुनी झाली म्हणजे तिच्यात नेमकं झालं काय? दाराचं रबर दबलं. बिजागऱ्या झिजल्या. दार दोन मिलिमीटर खाली बसलं. काच ज्या खाचेत वर-खाली सरकते त्या चॅनेलमधली मखमल निघून गेली. आरशाचा दांडा सैल झाला. यातली प्रत्येक गोष्ट शोधता येते आणि बहुतेक गोष्टी थोडक्यात दुरुस्तही होतात. घोडं पेंड खातं ते दुसरीकडे. आवाज कुठून येतो हे शोधायच्या आधीच लोक खर्चाला लागतात. दाराच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट (पत्र्याचं थरथरणं कमी करणारा थर), छताला फोम, पायाखाली जाड मॅट, एवढं सगळं होतं आणि वारा होता तिथेच राहतो.

तो का राहतो, याचा हिशोब साधा आहे. ध्वनिशास्त्राचा नियम असा, की दाराच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जरी उघडी फट असेल, तर बाकीचं दार किल्ल्याच्या भिंतीइतकं जाड केलं तरी आवाज २० डेसिबलपेक्षा जास्त अडत नाही. दाराचा घेर साधारण चार मीटर धरा. सगळीकडून एक मिलिमीटर फट राहिली तर ती झाली ४० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ८ बाय ५ सेंटिमीटरचं भोक. दाराला एवढं मोठं भोक पाडून ठेवलेलं कोणालाही दिसलं असतं. तेच घेरभर पसरलं की दिसत नाही, फक्त ऐकू येतं.

वारा आत येत नाही, बाहेर ओढला जातो

फटीतून वारा आत घुसतो आणि म्हणून आवाज होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. दाराच्या बाबतीत बहुतेक वेळा उलटं घडतं.

समोरून येणारी हवा पुढच्या काचेवर आदळते आणि काचेच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या खांबांना वळसा घालून दाराच्या काचेवरून मागे पळते. जुन्या धाटणीच्या पिकअपची पुढची काच बरीच सपाट आणि उभी असते, खांबही कोनाकोनाचे. त्यामुळे हवेला ते वळण सहज घेता येत नाही. ती पत्र्यापासून सुटते, तिचा भोवरा होतो आणि तो भोवरा नेमका ड्रायव्हरच्या कानाशेजारच्या काचेवर घासत जातो. त्या जागी बाहेरचा दाब केबिनमधल्या दाबापेक्षा कमी असतो. म्हणून केबिनमधली हवा फट मिळेल तिथून बाहेर ओढली जाते. तो बारीक "स्स्स" म्हणजे ही बाहेर पडणारी हवा.

आता आकडे बघू. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच आहे, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा थोडी विरळ. तरीही ताशी ८० किलोमीटरला वाऱ्याचा दाब चौरस मीटरमागे २७-२८ किलो वजनाइतका भरतो. दाराच्या काचेवर त्यातला काही भाग बाहेरच्या दिशेने ओढ म्हणून लागतो. पाच-सहा किलोची ओढ सहज होते.

दार धरलेलं असतं कुठे? पुढे बिजागऱ्यांवर आणि मागे लॉकवर, आणि हे दोन्ही काचेच्या खाली. काचेभोवतीची वरची चौकट नुसती उभी असते, तिला वर कशाचाच आधार नाही. ओढ लागली की ती चौकट केसभर बाहेर झुकते आणि रबरापासून सुटते. उभ्या गाडीत तपासलं तर रबर व्यवस्थित टेकलेलं दिसतं, आवाज मात्र सत्तरीनंतर सुरू होतो, याचं कारण हे आहे. "गॅरेजमध्ये दाखवलं, ते म्हणाले रबर चांगलंय," अशी तक्रार करणारे खोटं बोलत नसतात. गॅरेजवालेही नसतात.

याची परीक्षा चालत्या गाडीतच होते, आणि ती शेजारी बसलेल्याने करायची, चालवणाऱ्याने नाही. आवाज चालू असताना त्याने आपल्या दाराची वरची चौकट हाताने आत ओढून धरावी. आवाज पडला तर दार सापडलं. मग हाताने वरच्या मागच्या कोपऱ्यापासून पुढच्या कोपऱ्यापर्यंत एकेक जागा धरत जायचं. ड्रायव्हरच्या बाजूचं दार तपासायचं तर गाडी दुसऱ्याला चालवायला देऊन बाजूच्या सीटवरून ऐकायचं किंवा खाली दिलेली मास्किंग टेपची पद्धत वापरायची.

आधी वारा आहे की दुसरंच काही, ते ठरवा

टायर, गिअरबॉक्स, बेअरिंग आणि वारा यांची गल्लत फार होते. वेगळं करणं अवघड नाही. सपाट रस्त्यावर साधारण ६५ चा वेग धरा आणि तोच वेग ठेवून गिअर चौथ्यातून पाचव्यात टाका. आवाज बदलला तर तो इंजिनाकडचा, कारण वाऱ्याला गिअरशी देणंघेणं नाही. डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावर बदलला तर टायरचा. मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग अगदी हलकं डावी-उजवीकडे केल्यावर घरघर वाढते-कमी होते, तर चाकाचं बेअरिंग बघा. ते काम वाऱ्याच्या आधी करायचं. उतारावर इंजिन बंद करून ऐकण्याचा उद्योग कोणी सुचवला तर ऐकू नका. इंजिन बंद झालं की दोन-तीनदा पाय दिल्यावर ब्रेकचा बूस्टर साथ सोडतो आणि पॉवर स्टिअरिंग जड होतं.

या सगळ्यात न बदलणारा, पण वाऱ्याची दिशा बदलल्यावर बदलणारा आवाज हा वाऱ्याचा. नाशिककरांना याचा अनुभव इगतपुरीच्या रस्त्यावर फुकट मिळतो. जून-जुलैमध्ये वारा नैऋत्य-पश्चिमेकडून येतो आणि इगतपुरीकडे जाताना तो समोरून लागतो. कडांवरून वाहणाऱ्या हवेचा आवाज वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढतो. ६० वरून ८० वर गेलात की साडेसात डेसिबल वाढ. दहा डेसिबल वाढले की माणसाच्या कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. आता गाडी ८० वर आहे आणि समोरून २० चा वारा आहे, तर गाडीला लागणारी हवा १०० ची. येताना तोच वारा पाठीवर, म्हणजे ६० ची. काटा दोन्ही वेळा ८० दाखवतो आणि आवाजात मात्र सुमारे १३ डेसिबलचा फरक पडतो. जाताना भांडण झाल्यासारखं ओरडून बोलायचं, येताना शेजारी डुलकी काढतो.

म्हणून तपासणीसाठी वारा पडलेली पहाट निवडा. आडगाव ते ओझर हा पट्टा त्याला बरा आहे. लिलावाच्या दिवशी सकाळी पिंपळगावच्या जवळपास जाऊ नका. कांद्याच्या ट्रॅक्टरमागे ८० चा वेग मिळत नाही आणि चिडचिड होते ती वेगळी.

मोजायला मोबाइलवरचं डेसिबल मोजणारं साधं ॲप चालतं. त्याचा आकडा प्रयोगशाळेइतका खरा नसतो, पण आपल्याला आधीचा आणि नंतरचा फरक हवा आहे. फोन दर वेळी त्याच जागी, वेग तोच, रस्ता तोच, काचा बंद. आकडा शेजारच्याने लिहून घ्यायचा.

रोज रात्री नाशिकहून वाशीला भाजी घेऊन जाणाऱ्यांसाठी हा नुसता चैनीचा प्रश्न नाही. अमेरिकेची एनआयओएसएच ही कामगार-आरोग्य संस्था ८ तासांसाठी ८५ डेसिबल ही मर्यादा सांगते आणि त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करते. ८८ ला ४ तास, ९१ ला २. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणजे उजवा कान कायम काचेला लागून.

मास्किंग टेप

रंगारी वापरतात ती कागदी मास्किंग टेप घ्या. तपकिरी पॅकिंग टेप नको, ती उन्हात रंग घेऊन निघते. आता गाडीच्या सगळ्या संशयित फटी बाहेरून टेपने बंद करा: दारांच्या कडा, पुढच्या काचेचा रबरी काठ, आरशाच्या दांड्याचं बूड, बॉनेटची मागची फट, मागच्या सरकत्या काचेची कड, दारावर चिकटवलेल्या पावसाळी व्हायजरची टोकं. समोर दिसण्याच्या आड टेप येऊ देऊ नका. दारावरची कागदी टेप आतून ढकलली की फाटते, त्यामुळे आत अडकायची भीती नाही.

मग त्याच रस्त्यावर त्याच वेगाने जा. आवाज जवळजवळ तेवढाच राहिला, तर दोष फटीत नाही, गाडीच्या आकारात किंवा वर बसवलेल्या कॅरियरमध्ये आहे. आवाज ठळक पडला तर परत येताना एकेक पट्टी काढत या. ज्या पट्टीबरोबर आवाज परत येतो, ती जागा खडूने खूण करून ठेवा.

उलटं करायचा मोह होतो, म्हणजे एकेक जागा टेपने बंद करत जायचं. त्यात फसगत आहे. समजा दोन फटी सारख्याच आवाजाच्या आहेत. त्यातली एक पूर्ण बंद केली तरी आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो, आणि एवढा फरक कानाला जेमतेम कळतो. तुम्ही म्हणणार, "इथे काही नाही," आणि खरा चोर सोडून पुढे जाणार. सगळं बंद करून एकेक उघडलं की शांततेत पहिलीच फट लख्ख ऐकू येते. दुरुस्तीनंतरही हेच लक्षात ठेवा. सगळ्यात मोठा आवाज गेला की त्याच्या मागे दडलेला दुसरा पुढे येतो. लोकांना वाटतं नवीन बिघाड झाला.

चुकार जागा राहिलीच, तर ब्लोअर पूर्ण सोडा, बाहेरची हवा घेणारा खटका उघडा ठेवा, काचा-दारं बंद करा आणि बाहेरून फटींवर ब्रशने साबणाचं पाणी लावा. हवा जिथून निघते तिथे फेस धरतो. जुन्या पिकअपचा ब्लोअर जिवंत असेल तरच, हे ओघाने आलंच.

दार: बहुतेक आवाज इथेच सापडतो

वर्तमानपत्राच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापा. दाराच्या चौकटीवर वीतभर अंतराने एकेक पट्टी ठेवून दार लावा आणि पट्टी ओढा. थोडा विरोध लागायला हवा. सुळकन निघाली तर तिथे रबर टेकत नाही. फाटेपर्यंत निघाली नाही तर तिथे ते गरजेपेक्षा जास्त दबतंय, आणि याचा अर्थ दुसऱ्या टोकाला ते उचललं गेलं असणार. दुसरी सोपी युक्ती म्हणजे रबरावर टाल्कम पावडर लावायची, दार हळूच लावून उघडायचं आणि समोरच्या पत्र्यावर पावडरची रेघ कुठे तुटली आहे ते पाहायचं.

अंबडच्या बाजूला एक डेंटर आहे. कांदा वाहणाऱ्या एका पिकअपची ही तपासणी तो करत होता, मी बाजूला उभा होतो. मालक नवीन रबराचं बंडल घेऊनच आला होता. डेंटरने ते बाकावर ठेवलं आणि आधी कागद ओढले. खालचे सगळे घट्ट, वरचा मागचा कोपरा मात्र पूर्ण सैल. मग त्याने दार अर्धं उघडलं, मागची कड दोन्ही हातांनी धरून वर उचलली. बिजागरीत "टक्" झालं. पुन्हा सोडली, पुन्हा टक्. "रबर कशाला बदलता भाऊ? दार उतरलंय. नवीन रबर लावलं तरी या कोपऱ्यात ते लागणारच नाही." मग स्क्रू ड्रायव्हरचं टोक काचेच्या चॅनेलमध्ये घालून खालपर्यंत ओढलं, तर कांद्याच्या फोलपटांचा आणि मातीचा घट्ट बसलेला गोळा बाहेर आला. काच त्या गोळ्यावर टेकून बसायची, वरच्या खाचेत पूर्ण जायचीच नाही. फट उघड्या डोळ्यांना दिसत होती, फक्त आजवर तिथे कोणी पाहिलं नव्हतं.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी बिजागरी. पिन-बुश झिजले असतील तर ते बदलले की दार आपल्या जागी वर येतं. मग चौकटीवरचा लॉकचा खुंटा, ज्याला गॅरेजमध्ये स्ट्रायकर म्हणतात. त्याचे स्क्रू ढिले करण्याआधी भोवती मार्करने रेघ मारून घ्या, म्हणजे बिघडलं तर मूळ जागी आणता येईल. तो आत सरकवला की दार जास्त दाबून बसतं. एका वेळी मिलिमीटरभरच. जास्त ओढलात तर दार आपटल्याशिवाय लागणार नाही आणि आपटून आपटून लॉकच जाईल.

दार वेळोवेळी कोणी वरच्या चौकटीला धरून ओढलं असेल, क्रेट उतरवताना कोपर टेकून उभं राहिलं असेल, तर चौकटच बाहेर वाकलेली असते. अनुभवी डेंटर काच खाली करून, गुडघा दाराला लावून ती हाताने आत घेतो. बघायला सोपं वाटतं, घरी करू नका. अंदाज चुकला की पत्र्याला कायमची घडी पडते.

हे सगळं झाल्यावर रबर. दाराची चांगली रबरं ईपीडीएम जातीची असतात. ती उन्हाला आणि पाण्याला दाद देत नाहीत, पण तेलाला देतात. इंजिन ऑइल, ग्रीस, डिझेल लावून रबर "नरम" करायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्याने रबर फुगतं, ढिलं होतं आणि लवकर जातं. साबणाच्या पाण्याने पुसा, वाळू द्या आणि सिलिकॉन स्प्रे कापडावर घेऊन हलका हात फिरवा. रबर फाटलेलं नाही, फक्त चपटं झालंय, तर त्याच्या पोकळ नळीत बारीक रबरी नळी ओवून ते पुन्हा फुगवता येतं. फक्त सैल कोपऱ्यापुरतं करा, घेरभर नको. फाटलं असेल, आतून चिकट झालं असेल, तर सरळ बदला. दुकानात नेताना जुन्या रबराचा तुकडा कापून न्या. "पिकअपचं द्या" म्हटल्यावर मिळणारं जाड रबर दार ढकलून खालून आणखी बाहेर काढतं, आणि आवाज एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जातो.

काचेच्या चॅनेलची मखमल गेली असेल तर काच बंद करून तळव्याने आतून ढकला. खडखड हलली तर चॅनेल बदलायला झालंय. दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोकं मात्र कधीही बुजवू नका. तिथून येणारा आवाज नगण्य असतो आणि बुजवली तर पावसाळ्यात दार आतून सडतं.

काच, पायाखालची भोकं, आरसा

जुन्या पिकअपच्या पुढच्या काचेला बहुधा रबरी गॅस्केट असतं, नव्या गाड्यांत काच चिकटवलेली असते. खडी लागून काच कधी बदलली असेल तर संशय तिच्यावर आधी घ्यावा. गॅस्केटच्या कडेखाली काच बसवण्याचं पातळ सीलंट भरून घेता येतं. हार्डवेअरच्या दुकानातलं व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका. त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि उघड्या पत्र्याला गंज धरतो.

पायाखाली बघायला विसरतात. क्लचची केबल, स्टिअरिंगचा दांडा, वायरिंग, गिअरचं बूट, आणि मागच्या मालकाने गाण्यांचा टेप बसवताना पाडून तशीच सोडलेली भोकं. पावसात पाय ओले होत असतील तर जागा कुठे आहे हे पाण्यानेच सांगितलं. भोकात बसवायच्या रबरी कड्या, म्हणजे ग्रोमेट, स्वस्त मिळतात.

आरसा काढून गाडी चालवायची नाही, शोधासाठीही नाही. दांडा घट्ट करा, बुडाच्या रबराची फट बंद करा. मोठा आरसा तरीही थोडा आवाज करणारच, तो त्याच्या आकाराचा आहे. शीळ येत असेल तर ती बहुधा आरशाची काच आणि तिचं घर यांच्यातल्या फटीची असते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर होतं तसं.

चार दारांच्या कॅम्परमध्ये एकच मागची काच उघडी ठेवली की कानात धडधड दाब जाणवतो. तिथे बिघाड काही नाही. दुसरी एखादी काच दोन बोटं उघडली की ती थांबते.

टपावरचं कॅरियर आणि गुणगुणणारे पाइप

टेप लावून काहीच फरक पडला नसेल तर वर बघा. गोल नळीवरून हवा जाते तेव्हा नळीच्या मागे आळीपाळीने एकदा वरून, एकदा खालून भोवरे सुटतात आणि त्यांच्या ठेक्याचा सूर निघतो. चेक भौतिकशास्त्रज्ञ विन्सेन्त्स स्ट्रोहाल याने १८७८ मध्ये तारांवर प्रयोग करून याचा नियम मांडला: वेगाला जाडीने भागा आणि ०.२ ने गुणा. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर. २५ मिलिमीटरची कॅरियरची नळी सुमारे २०० हर्ट्झला घुमते, म्हणजे घुंईऽ असा खर्जातला सूर. ५ मिलिमीटरची ॲन्टेना १००० हर्ट्झची शीळ घालते. वेग वाढला की सूर चढतो. आवाजाची पट्टी वेगाबरोबर वर-खाली होत असेल आणि फटींना टेप लावूनही जात नसेल, तर नळी किंवा तार हुडका.

उपाय मजेशीर आहे. भोवरे नळीच्या सगळ्या लांबीवर एकाच वेळी सुटतात म्हणून सूर मोठा होतो. ती शिस्त मोडायची. नळीच्या जाडीच्या साधारण दहाव्या भागाइतकी दोरी नळीभोवती मळसूत्रासारखी गुंडाळा. २५ मिलिमीटरच्या नळीला अडीच-तीन मिलिमीटरची नायलॉन दोरी, दर १२-१३ सेंटिमीटरला एक वेढा, दोन्ही टोकं पक्की बांधून. उंच लोखंडी चिमण्यांच्या वरच्या भागावर गोल फिरत गेलेली पट्टी दिसते, तीही याचसाठी असते. तिथे मात्र प्रश्न सुराचा नसतो, चिमणी हलण्याचा असतो. ॲन्टेनावरही बारीक तार अशीच गुंडाळता येते. कॅरियर वर्षातून दोनदाच लागत असेल तर काढूनच ठेवा.

डॅम्पिंग शीट कुठे लावायची, हा प्रश्न आता येतो. ती पत्र्याचं थरथरणं कमी करते, त्यामुळे पावसाचा तडतडाट आणि दार लावताना होणारा पत्र्याचा ठणठणाट कमी होतो. फटीतल्या वाऱ्याशी तिचा संबंध नाही. फटी मिटल्यावर हौस असेल तर लावा. आणि मागच्या बाजूला केबिनमधली हवा बाहेर सोडणारी झडप असेल तर ती मोकळी ठेवा, नाहीतर दार लागायला जड जाईल आणि पावसाळ्यात काचांवर वाफ धरेल.

हौद्यातला माल

शेवटी मालाबद्दल, कारण कित्येकदा दोष केबिनमध्ये नसतोच. रिकाम्या हौद्यात सैल पडलेली साखळी, फाळक्याचा ढिला अडसर, पुढच्या जाळीला अडकवलेली दोरी, यांचा आवाज मागच्या काचेतून थेट आत येतो. ताडपत्रीची पुढची कड मालाखाली दुमडून घ्या. कड मोकळी राहिली की वारा तिच्या खाली शिरतो आणि ती फडफडून फाटते. टोमॅटोच्या किंवा द्राक्षांच्या क्रेटवर ताणलेला सपाट पट्टा वेगात भुणभुणतो, तो सोडून एक पीळ देऊन पुन्हा आवळा. पीळ पडला की पट्ट्याची सपाट बाजू सगळीकडे वाऱ्याला सारखी लागत नाही आणि भुणभुण जाते. पीळ मालाच्या कडेवर येऊ देऊ नका, तिथे पट्टा कापला जातो. दोन क्रेटच्या मधल्या मोकळ्या जागेवर ठेवा.